लाल हमखास, गोडीचं माहीत नाही

दरवर्षी फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ हजर होतो. एक हात, हातात सिरिंज, सिरिंजमध्ये लाल पाणी आणि समोर गपगार पडलेलं टरबूज. खाली इशारा: ‘मुलांना विष चारू नका, पुढे पाठवा.’ पाठवणारे इमानेइतबारे पुढे पाठवतात. त्यातलेच दोघं-तिघं त्याच संध्याकाळी मानेवाडा रोडवरच्या ठेल्यावर टरबूज बोटांनी वाजवून पाहताना दिसतात, ती गोष्ट वेगळी.

माझं सासर नागपूरजवळच्या मौद्याकडचं. धाकटे दीर तिथे टरबूज लावतात. त्यामुळे हा व्हिडिओ पाहिला की मला आधी हसू येतं आणि मग चिडायला होतं. एका एकरात बरं पिकलं तर वीसेक टन माल निघतो, म्हणजे पाच-सहा हजार फळं. त्यांना एकेक करून सुया टोचायला माणसं आणायची कुठून? इथे तोडायलाच मजूर मिळत नाहीत. शिवाय सालीला सुईएवढं भोक पडलं तरी एप्रिलच्या उन्हात ते फळ लवकरच आंबायला लागतं, वास मारतं. व्यापाऱ्याला तर ते चार-आठ दिवस टिकवायचं असतं. ज्याला शंकाच घ्यायची आहे त्याच्यासाठी एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेनं घरच्या घरी करायची चाचणी सांगितली आहे. कापलेल्या भागावर कापसाचा बोळा घासायचा, बोळा लाल झाला तर रंग मिसळलेला समजायचा. घासून पाहा आणि सुखानं खा.

चिडायला होतं ते दुसऱ्याच कारणानं. पाणचट, बेचव टरबूज नागपुरात खरोखर मिळतं, आणि भरपूर मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर तेच जास्त. त्याचं कारण थोडं वावरात आहे, थोडं बाजारात आहे आणि थोडं आपल्या जिभेवरही आहे. सुईवर खापर फोडलं की पुढचं कोणी विचारत नाही.

भाऊजींचं वावर मूळचं धानाचं. नोव्हेंबरात धान निघालं की बांध्या रिकाम्या होतात. कन्हान नदीच्या अंगाला जो तुकडा आहे तिथली जमीन हलकी, रेताड, पाणी धरून न ठेवणारी. टरबूज तिथेच. भारी जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि मर लागते, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात, जणू मीही उद्या लागवड करणार आहे. नांगरून, रोटाव्हेटर मारून, शेणखत टाकून सात-सात फुटांवर बेड पाडायचे. बेडवर ड्रीपची नळी, नळीवर मल्चिंग पेपर. हा पेपर वरून चंदेरी आणि खालून काळा असतो. काळ्या बाजूमुळे खाली तण उगवत नाही, चंदेरी बाजू उजेड परतवते म्हणून मावा आणि फुलकिडे थोडे बिचकतात. पेपरला सव्वा-सव्वा फुटावर भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात नर्सरीतून आणलेलं बारा-पंधरा दिवसांचं रोप बसवायचं. एकेक रोप दोन-अडीच रुपयांचं. सासूबाईंना ही गोष्ट अजून पटलेली नाही. टरबुजाचं रोप विकत आणतात हे ऐकलं की त्या कपाळाला हात लावतात.

पटण्यासारखं नाहीच ते. आमच्या लहानपणी टरबूज खाऊन बिया थुंकल्या की उकिरड्यावर आपसूक वेल यायचा. त्या जागी आता संकरित बियाणं आहे, ज्याचं फळ खाऊन ठेवलेलं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देत नाही. गोल, काळपट हिरवी शुगर बेबी, जी मला अजून आवडते, ती बाजारातून जवळजवळ उठली आहे. शुगर क्वीनसारखी लांबट, जाड सालीची, प्रवासात न फुटणारी जात आली. साल जाड असण्यात खाणाऱ्याचा फायदा काय, हा प्रश्न विचारून उपयोग नाही. ट्रकचा फायदा आहे.

रोपं लागली की त्यांच्यावर वाकवलेल्या काड्या आणि वरून पांढरं क्रॉप कव्हर. पंचवीसेक दिवस रोपं त्या कापडाखाली असतात. थंडी कमी लागते, आणि नागअळी, पांढरी माशी, फुलकिडे यांना आत शिरता येत नाही. या काळात भाऊजींशी बोलायला गेलं तर ते आकड्यांतच बोलतात. ‘बारा-एकसष्ट सोडलं’, ‘आता शून्य-बावन्न-चौतीस चालू आहे’. ही विद्राव्य खतांची नावं. कशात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, ते आकड्यांतच आलं. फळ भरताना शेवटी येतं ते ‘शून्य-शून्य-पन्नास’, म्हणजे निव्वळ पालाशवालं. घरातली सगळ्यात लहान पुतणी हे आकडे पाढ्यांसारखे म्हणते.

मग कव्हर उठवायचा दिवस येतो, आणि माझ्या मते टरबुजाच्या शेतीतली पहिली खरी परीक्षा तीच. एकाच वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. आधी नर फुलं येतात, काही दिवसांनी मादी. मादी फूल ओळखायला चष्मा लागत नाही. तिच्या पाकळ्यांखाली वाटाण्याएवढं, केसाळ, हिरवं टरबूज आधीच बसलेलं असतं. हे फूल एका सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं ते कायमचं. तेवढ्या वेळात मधमाशीनं नर फुलावरचा पराग आणून तिथे टाकायचा, तोही एकदा टाकून भागत नाही, बऱ्याच माश्यांच्या बऱ्याच फेऱ्या लागतात. माशी आलीच नाही तर ते वाटाण्याएवढं फळ पिवळं पडून गळतं. थोडी आली तर फळ धरतं, पण वाकडंतिकडं, एका बाजूनं बसकं. शेतकरी याला ‘सेटिंग’ म्हणतात आणि त्या आठवड्यात सकाळच्या वेळी वावरात फवारणीचा पंप दिसला तर भाऊजी आवाज चढवतात. एरवी ते फार मऊ बोलतात.

इथे एक आडवाट. गोल टरबूज मादी आणि गोड, लांबट टरबूज नर आणि फिकं, हे ज्ञान मला आजवर दोन ठेलेवाल्यांनी, एका शेजारणीनं आणि एका डॉक्टरांनी दिलं आहे. फळ मादी फुलालाच येतं. सगळी टरबुजं एकाच आईची. आणि टरबूज कापल्यावर मध्ये भेग पडलेली दिसली, पोकळी दिसली, की ग्रुपवर फोटो टाकून ‘पाहा, केमिकल’ म्हणायची पद्धत आहे. परागीभवन अर्धवट झालं, त्यात पुढे वाढ एकदम झाली, की आतला गर फाटतो. त्यात केमिकलचा काही संबंध नाही.

फळ धरल्यापासून तोडणीपर्यंत महिना, सव्वा महिना जातो. याबद्दल मी फार सांगत नाही, कारण यात सांगण्यासारखं कमी आणि धास्तावण्यासारखं जास्त. पाणी कमी-जास्त झालं की फळ तडकतं. फळमाशीसाठी सापळे टांगावे लागतात. भुरी, केवडा असे रोग येतात. फळाखाली ओल राहू नये म्हणून धानाचं तणस सारायचं, आणि ज्या फळावर पानांची सावली नाही त्यावरही तणस पांघरायचं, नाहीतर उन्हानं सालीवर पांढरा डाग पडतो आणि व्यापारी ते फळ बाजूला काढतो. फेब्रुवारी-मार्चात विदर्भात गारपीट व्हायचीच. गार लागलेलं टरबूज वरून नुसतं खरचटलेलं दिसतं, आतून तिथे सडत जातं.

आता शेवटचे आठ-दहा दिवस. सगळं पिणं, खाणं, फवारणं होऊन गेलेलं असतं, फळ आकाराला पूर्ण आलेलं असतं, वजनात फारसा फरक पडणार नसतो. आणि नेमकी याच दिवसांत गोडी भरते. साखर, विशेषतः उसातली असते ती सुक्रोज, फळात अखेरीला साठते. रंग त्याच्या आधी येतो. म्हणजे आतून लालबुंद झालेलं टरबूज चवीला अजून कच्चं असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. भाऊजींकडे एक छोटं यंत्र आहे, रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर रसाचा थेंब ठेवून उजेडाकडे धरलं की आत एक आकडा दिसतो. त्याला ब्रिक्स म्हणतात. रसात साखर किती, याचा तो अंदाज. त्यांनी एकदा मला एकाच ओळीतली दोन फळं कापून दाखवली. एक लवकर काढलेलं, दुसरं आठवडाभर वेलीवर राहू दिलेलं. पहिल्याचा आकडा ८, दुसऱ्याचा ११ च्या वर. लाली दोन्हीकडे सारखीच. डोळ्यांनी मला फरक सांगता आला नसता, जिभेनं एका घासात कळला.

आणि टरबूज तोडलं की गोडी तिथेच थांबते. आंबा, केळी, पपई तोडल्यावर पिकतात, आढीत घालता येतात. टरबुजाला आढी नाही. संत्र्यालाही नाही, हे नागपूरकराला सांगायला नको. घरी आणून फ्रीजमध्ये कितीही दिवस ठेवा, फक्त गार होईल.

मग तोडायचं कधी? जुनी माणसं वाजवून पाहतात. कच्चं फळ टणटण वाजतं, पिकलेलं बदबद. कान तयार असेल तर हे खरं आहे, पण ठेल्यावर उभं राहून चार-चार टरबुजांना टिचक्या मारणाऱ्यांपैकी किती जणांचा कान तयार असतो, मला शंका आहे. जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळसर, लोण्याच्या रंगाचा झाला पाहिजे. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बाळी. फळाचा देठ वेलीला जिथे जुळतो, तिथून एक कुरळी, हिरवी तार फुटलेली असते. ती पूर्ण सुकून करडी झाली की त्या फळाचं पिकणं झालं. अर्धी हिरवी असेल तर थांबायचं. ही खूण वावरातच राहून जाते, कारण तोडताना देठ आखूड ठेवतात आणि बाळी वेलीवर राहते. आपल्यापर्यंत येतं ते खूण पुसलेलं फळ.

बाळी सुकण्याची वाट पाहणं भाऊजींच्या हातात असतं तर हा लेख इथेच संपला असता.

२०१६ साली राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली. तेव्हापासून व्यापारी बांधावर येणं आणखी वाढलं. हे चांगलंच झालं, असं भाऊजीही म्हणतात. गाडीभाडं वाचतं, हमाली वाचते, रात्रीचं जागरण वाचतं. पण व्यापारी येतो तो बाळी पाहायला येत नाही, भाव पाहून येतो. सौदा झाला, की त्याची गाडी, त्याची माणसं, त्याचा दिवस. तो एक फळ मधोमध कापतो, लाल दिसलं की मान हलवतो. “भाऊ, उद्या गाडी लावतो. पुढच्या हप्त्यात हाच भाव राहीन का नाही, मी सांगत नाही.” एवढंच बोलतो, आणि ते खोटं नसतं. मार्चच्या सुरुवातीला किलोमागे दहा मिळत असतील तर सगळीकडचा माल एकदम बाजारात आल्यावर तेच पाच-सहावर येतात. एकरी खर्च लाखाच्या आसपास बसलेला असतो. वीस टनाला सहाचा भाव म्हणजे एक लाख वीस हजार, दहाचा भाव म्हणजे दोन लाख. तीन महिन्यांच्या सगळ्या मेहनतीची कमाई त्या चार रुपयांत आहे. गोडी जास्त म्हणून किलोला रुपया जास्त, असा भाव कोणी देत नाही. वजनाला भाव आहे, आकाराला आहे, लालीला आहे. गोडीला नाही.

“वहिनी, आज तोडलं तं पैसा हाये, आठ दिवसानं तोडलं तं गोडी हाये,” भाऊजी म्हणाले होते. “दोन्ही एका दिवशी भेटत नाई.” मी त्यांच्या जागी असते तर मीही आजच तोडलं असतं.

यात भर पडली आहे चंद्राची. रमजानच्या महिन्यात टरबुजाला जी मागणी येते तशी वर्षात कधी येत नाही. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसाला संध्याकाळी इफ्तारला टरबुजासारखं दुसरं काय? नागपूरच्या मोमिनपुऱ्यात त्या दिवसांत संध्याकाळी गेलात तर फळांच्या गाड्यांमधून वाट काढावी लागते. महाराष्ट्रभरातले टरबूजवाले शेतकरी, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, रमजान कधी लागतो ते पाहून तिथून ऐंशी-पंच्याऐंशी दिवस मागे मोजतात आणि लागवडीची तारीख धरतात. भाऊजींच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्यावर मंगळवार-चतुर्थीच्या शेजारी रमजानची तारीख पेनानं गोल केलेली असते.

पण ही तारीख एका जागी थांबत नाही. आपलं पंचांगही चंद्रावर चालतं, मात्र दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून आपण त्याला ऋतूंशी बांधून ठेवतो, म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. ते दरवर्षी अकरा-एक दिवसांनी मागे सरकतं आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. २०२० साली रमजान २५ एप्रिलला लागला होता. २०२४ ला १२ मार्चला. २०२५ ला २ मार्चला. २०२६ ला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. २०३० साली तो दोनदा येईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा.

टरबूज मूळचं आफ्रिकेचं. सुदानच्या कोर्डोफान भागातलं एक पांढऱ्या गराचं कलिंगड त्याचं सगळ्यात जवळचं नातलग ठरलं आहे. असं उष्ण मुलखातलं फळ. त्याला ऊन लागतं. रमजान एप्रिलमध्ये होता तेव्हा जानेवारीत रोपं लावली की फेब्रुवारी-मार्चच्या उबेत ती वाढायची, आणि मागणी यायची तेव्हा फळ नैसर्गिकपणे तयार असायचं. आता फेब्रुवारीच्या रमजानसाठी नोव्हेंबरअखेर लागवड करावी लागते. म्हणजे कडाक्याच्या डिसेंबरात, नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो त्या दिवसांत, वेलीनं वाढायचं आणि फुलायचं. १५ डिग्रीच्या खाली टरबुजाची वेल जवळजवळ झोपते. गारठ्यात मधमाश्याही सकाळी उशिरा बाहेर पडतात, आणि मादी फुलाकडे तर तेवढी एकच सकाळ असते. पिकाला दहा-पंधरा दिवस जास्त हवे असतात. बाजाराची तारीख मात्र हलत नाही. मग कापायचे दिवस कुठून काढायचे? शेवटच्या आठ-दहांतून. ज्यांत गोडी भरते, त्याच.

फेब्रुवारीत हातात आलेल्या बेचव फाकेचा पत्ता हा असा आहे.

२०२० चं सांगायचं राहिलं. त्या वर्षी ऊन, वेल आणि रमजान तिघंही जुळले होते. आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. बांधावर गाडी येईना, आली तर पोलीस पास मागत. फळ वेलीवर पिकून तडकू लागलं. तेव्हा शेतकऱ्यांनी पिकअपमध्ये माल भरून थेट शहरातल्या कॉलन्यांच्या दारात आणला. आमच्या कॉलनीतही आला. बाळी सुकल्यावर, कोणत्याही घाईशिवाय तोडलेलं टरबूज आमच्यापैकी अनेकांनी त्या वर्षी कित्येक दिवसांनी खाल्लं असेल. शेतकऱ्याच्या हाती मात्र काही लागलं नाही.

बाजारसुद्धा पाहण्यासारखा असतो, फक्त झोप मोडायची तयारी हवी. बांधावर सौदा जमला नाही की भाऊजी माल कळमन्याला, नागपूरच्या बाजार समितीत, आणतात. दुपारी तोडणी, संध्याकाळी भरणी. वावरातून गाडीपर्यंत माणसांची साखळी लागते आणि टरबूज हातोहात फेकत-झेलत जातं. झेलणारा हात मागे ओढून घेतो, त्यामुळे फळाला धक्का बसत नाही. गाडीच्या हौदात तणसाचा जाड थर, बाजूंनाही तणस. रात्री भंडारा रोडनं यायचं आणि पहाटे कळमन्यात लायनीत उभं राहायचं. उजाडताना हर्रास सुरू होतो. इथेही तेच. ढिगातलं एक फळ सुरीनं दोन तुकडे करून वर ठेवतात, आणि त्या एका फळाच्या लालीवर साऱ्या ढिगाचा भाव ठरतो. मी पाहिलं तेव्हा बोली लावणाऱ्यांपैकी कोणी ती फाक चाखली नाही. उभ्या-उभ्या आकडे, बोटांची हालचाल, आणि पुढचा ढीग. तिथून ते ठेल्यांवर जातं, सक्करदऱ्याला, गोकुळपेठेत, कामठी रोडवर, हिरव्या जाळीच्या सावलीत. ठेलेवाला त्रिकोणी फाक काढून दाखवतो आणि म्हणतो, “लाल निघलं नाही तं पैसे वापस.” तो खोटं बोलत नाही. लालीचीच हमी देतो तो. त्याला घेताना तेवढीच मिळाली होती.

सासूबाईंच्या तरुणपणी ही साखळी नव्हती. तेव्हा टरबूज वावरात नव्हे, नदीत पिकायचं. दिवाळीनंतर वैनगंगा आणि कन्हान आटू लागल्या की पात्रातली रेती उघडी पडायची, आणि मासेमारी करणारी ढिवर मंडळी तिथे डांगरवाड्या लावायची. डांगर म्हणजे टरबूजच. ओल लागेपर्यंत रेतीत खड्डा खणायचा, खाली शेणखत टाकायचं, बी लावायचं. पाणी खाली जाईल तसं मूळ त्याच्या मागे जायचं. वाऱ्यानं रेती उडून वेली बुजू नयेत म्हणून काट्याकुट्यांचा आडोसा, राखणीला एक खोपडी, कारण रात्री कोल्हे येऊन फळं फोडायचे. पिकलेलंच फोडायचे, हे सासूबाई आवर्जून सांगतात. कच्च्याला कोल्हा तोंड लावत नाही. एप्रिल-मेमध्ये ढिवरणी टोपल्यात डांगरं घेऊन गावात येत आणि घरची बाई सुपात धान घालून ती घेई.

त्या काळाचे गोडवे गायची मला हौस नाही. अवेळी पूर आला की अख्खी वाडी एका रात्रीत वाहून जायची आणि त्याची भरपाई देणारं कोणी नव्हतं. पण एक होतं. लागवडीची तारीख नदी ठरवायची. पाणी उतरल्याशिवाय रेती मिळत नव्हती, आणि रेतीशिवाय डांगर नव्हतं. कोणाला कितीही घाई असली तरी फेब्रुवारीत फळ येणं शक्यच नव्हतं.

आता त्या वाड्या फार उरल्या नाहीत. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे पाणी साठायला लागल्यावर आंभोऱ्याला जिथे कन्हान वैनगंगेला मिळते तिथपासून पसरलेलं पात्र पाण्याखाली गेलं, आणि त्यासोबत उन्हाळ्यात उघडी पडणारी रेती. जिथे धरणाचं पाणी पोचत नाही तिथली रेती ट्रकमधून नागपुरात येते आणि आपल्या फ्लॅटच्या भिंतीत बसते. बदल्यात नागपूर नदीला आपलं सांडपाणी देतं. ते नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत जातं. डांगरवाडी लावणाऱ्यांच्या मुलांपैकी काही जण आज भाऊजींसारख्यांच्या वावरात तोडणीच्या साखळीत उभे असतात. बाळी पाहून फळ ओळखणारे तेच. भाऊजी त्यांनाच विचारतात.

मी काय करते ते विचाराल, तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याआधी टरबूज घरात आणत नाही. तोवर संत्र्यांचा मृग बहार असतो, पपई असते, काही अडत नाही. घेताना जमिनीचा डाग पाहते. पांढराफटक असेल तर ठेवून देते, पिवळा असेल तर उचलते. वाजवत नाही. ठेलेवाल्याला फाक काढू देत नाही, कारण कापलेल्या फळावर धूळ बसते आणि लाली मला कळून काही उपयोग नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेपर्यंत टरबुजाचा हंगाम सरत आलेला असतो, पण त्या दिवसांत मिळालेलं फळ बहुधा गोड निघतं. तोवर भाव पडलेला असतो आणि घाई कोणालाच नसते.

भाऊजींनी यंदापासून वावराचे दोन भाग केले आहेत. मोठा भाग नोव्हेंबरअखेरचा, व्यापाऱ्यासाठी, त्याच्या दिवशी तोडायचा. दुसरा, अर्ध्या एकराचा, संक्रांत झाल्यावर लावायचा आणि बाळी सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. हा माल ते व्यापाऱ्याला देत नाहीत. ट्रॅक्टरची ट्रॉली भंडारा रोडवर झाडाखाली उभी करतात आणि स्वतः विकतात. २०३० च्या दोन रमजानांचं काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाले, “हुरड्याच्या दिवसात टरबूज? पाहू ना जी, मागतीन तं लावू.” ट्रॉलीजवळ थांबणारे लोक हमखास कापून दाखवायला सांगतात. भाऊजी कापत नाहीत. या फळांचे देठ त्यांनी लांब ठेवलेले असतात, वेलीच्या तुकड्यासकट, आणि त्यावर करडी पडलेली बाळी असते. ती दाखवतात. निम्मे गिऱ्हाईक काही न समजून पुढे जातात. उरलेले घेतात.